नाव, गोत्र आणि मत

आपल्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात एक लाकडी पेटी टांगलेली आहे. तिच्यावर 'सूचना व तक्रारी' अशी अक्षरे आहेत. दर शनिवारी ती उघडली जाते आणि विद्यार्थी सभेत तिच्यातील चिठ्ठ्या वाचल्या जातात. यंदा सभेत इयत्ता नववीच्या एका विद्यार्थ्याने ठराव मांडला की, ज्या चिठ्ठीखाली नाव नाही ती वाचूच नये. त्यावर एका विद्यार्थिनीने नेमकी उलट उपसूचना आणली : नाव लिहिलेली चिठ्ठी नाव कापूनच वाचावी. तिसऱ्या एकाने आणखी पुढचे पाऊल टाकले. वर्गप्रतिनिधी आणि गुणवत्ता यादीतील मुले ह्यांनी दिलेल्या सूचना आधी घ्याव्यात, कारण 'त्यांच्या म्हणण्याला वजन असते', असे त्याचे म्हणणे होते. सभेचा मार्गदर्शक म्हणून मला मत विचारण्यात आले. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. पुढील लेख हा त्या मुदतीत जमवलेल्या टिपणांचा विस्तार होय.

प्रश्न लहान मुलांचा असला तरी लहान नाही. ज्या समाजात आडनाव उच्चारताच ऐकणाऱ्याच्या मनात पायरी ठरते, त्या समाजात 'हे कोण म्हणाले?' हा प्रश्न 'काय म्हणाले?' ह्या प्रश्नाच्या आधी येतो, आणि पुष्कळदा दुसरा प्रश्न उरतच नाही. आपल्या मुलांना हे शिकवावे लागत नाही. गावाकडून येतानाच ती ते शिकून आलेली असतात.

ह्या पेटीच्या संदर्भात मला दोन चिठ्ठ्या विसरता येत नाहीत. दोन्ही ह्या शाळेतील नव्हेत. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मी अन्यत्र एका निवासी शाळेत होतो, तेथील आहेत. पहिली निनावी होती. स्वयंपाकघरातील मावशी तांदूळ घरी नेतात, एवढेच तीत लिहिलेले होते. दोन दिवसांत मावशींना कामावरून कमी करण्यात आले. पुढे महिन्याभराने लक्षात आले की धान्याची पोतीच कमी वजनाची येत होती. चिठ्ठी कोणी लिहिली, त्याने काय पाहिले होते, हे विचारण्यास माणूसच नव्हता. मावशींना परत बोलावले, त्या आल्या नाहीत. दुसऱ्या चिठ्ठीखाली सातवीतल्या मुलाने आपले पूर्ण नाव, इयत्ता आणि तुकडी सुवाच्य अक्षरात लिहिली होती. अधीक्षक आपली घरची कामे मुलांकडून करवून घेतात, ही तक्रार खरी होती. ती चिठ्ठी सकाळच्या परिपाठात नावासकट वाचली गेली. तो मुलगा दिवाळीच्या सुटीला गेला तो पुन्हा आला नाही. त्या दोन्ही वेळी मी सभागृहात उभा होतो आणि गप्प होतो.

म्हणून नाव असावे की नसावे, ह्याचे एका शब्दात उत्तर देण्याचे धाडस मला होत नाही. आपल्या परंपरेने ह्या प्रश्नाचा विचार केला आहे काय, हे मी आधी पाहिले. केला आहे, आणि बराच बारकाईने केला आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील अखेरच्या मोठ्या भाषणात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खुसंघाच्या कामकाजाचा उल्लेख केला. आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतगणना, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव हे सारे नियम संघाला ठाऊक होते, असे त्यांनी देशाच्या प्रतिनिधींना सांगितले. ह्या विधानाचा आधार विनयपिटकात आहे. चुल्लवग्गातील समथक्खन्धकात वाद मिटवण्याच्या रीती सांगितल्या आहेत. त्यांपैकी 'येभुय्यसिका' म्हणजे बहुमताने निर्णय. बहुमत मोजण्यासाठी शलाका, म्हणजे लाकडी काड्या, वाटल्या जात. त्या वाटण्याचे तीन प्रकार होते : गूढ, उघड आणि कानात सांगून. गूढ प्रकारात दोन रंगांच्या शलाका करीत. एकेका भिक्खूला जवळ बोलावून, ही अमुक मताची, ही तमुक मताची, तुला हवी ती घे, असे सांगत, आणि घेतल्यावर कोणाला दाखवू नकोस असे बजावत. दोन हजारांहून अधिक वर्षांमागची ही मतपत्रिका होय. इंग्लंडमध्ये १८७२ च्या कायद्यापर्यंत मतदार आपले मत चारचौघांत मोठ्याने सांगत असे आणि जमीनदाराचा कारभारी ते टिपून घेत असे, हे त्याशेजारी ठेवून पाहावे.

तथापि इतिहासाच्या शिक्षकाने सोयीचे तेवढेच सांगून थांबू नये. त्याच प्रकरणात असेही आहे की, मोजणीनंतर अधम्मवादी अधिक निघाले तर शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत असे म्हणून मोजणी रद्द करावी. धम्मवादी अधिक आहेत अशी खात्री असेल तेव्हाच उघड पद्धत वापरावी, असाही निर्देश आहे. आजच्या निवडणूक अधिकाऱ्याने असे केले तर आपण न्यायालयात जाऊ. संघाची शलाका सत्याचा निर्णय संख्येवर पूर्णपणे सोपवत नव्हती. आपले संविधान निदान प्रतिनिधी निवडताना तो संख्येवर सोपवते. हा भेद झाकण्याचे कारण नाही. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते निराळेच. शलाका वाटणाऱ्याची नेमणूक संघाने ठराव करून करावी लागे, आणि त्याच्या अंगी पाच गुण हवे असत : पक्षपात, द्वेष, मोह आणि भय ह्यांमुळे तो वाकडा जाणारा नसावा, आणि कोणाची शलाका घेतली, कोणाची राहिली, हे त्याला कळावे. म्हणजे मत देणाऱ्याचे नाव झाकलेले, पण मत मोजणाऱ्याचे नाव सर्वांसमोर.

आता गोत्राविषयी. महासागराच्या आठ अद्भुत गुणांचे वर्णन तथागतांनी केले आहे. त्यांतील एक गुण असा की, गंगा, यमुना, अचिरवती, सरभू, मही ह्या नद्या सागराला मिळाल्यावर आपले पूर्वीचे नाव आणि गोत्र सोडतात व केवळ सागर म्हणून ओळखल्या जातात. तसेच चारही वर्णांचे लोक संघात आल्यावर पूर्वीचे नाव-गोत्र सोडून शाक्यपुत्रीय श्रमण म्हणून गणले जातात. नाशिककरांना सागरापर्यंत जाण्याचीही गरज नाही. दारणा आणि कादवा गोदावरीला मिळाल्यावर त्यांचे नाव कोणी घेत नाही. परंतु येथेही एक बारकावा आहे. महाकश्यप, महाकात्यायन, मोग्गलान ही थोर शिष्यांची नावे मुळात गोत्रनावेच आहेत आणि ती संघातही उच्चारली जात होती. मग सोडले ते काय? माझ्या समजुतीप्रमाणे नाव सोडले नाही, नावाने माप घेण्याचा अधिकार सोडला. शाक्य राजपुत्र आणि त्यांचा न्हावी उपाली एकत्र दीक्षेला आले तेव्हा राजपुत्रांनी विनंती करून उपालीला आधी दीक्षा देवविली, कारण संघात वंदन दीक्षेच्या ज्येष्ठतेने होते आणि त्यांना आपला शाक्यपणाचा ताठा मोडावयाचा होता. उपालीचे नाव उपालीच राहिले. पुढे विनयाचा अधिकारी ज्ञाता म्हणून त्याची कीर्ती झाली ती त्याने काय जाणले त्यावरून.

ह्या कीर्तीचे मत ठरवताना काय करावे? तिसऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्न हाच होता. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी कोणत्या दहा कारणांवरून एखादी गोष्ट मान्य करू नये ते सांगितले. कालामसुत्त आपल्याकडे वारंवार उद्धृत होते. पण त्या दहांपैकी शेवटची दोन कारणे थेट बोलणाऱ्याच्या प्रतिष्ठेविषयी आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही. सांगणारा योग्यतेचा दिसतो म्हणून, आणि हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणून. महापरिनिब्बाणसुत्तात हा विचार आणखी पुढे नेलेला आहे. भोगनगरात आनंदचेतियापाशी तथागतांनी चार महापदेश सांगितले. कोणी म्हणेल, हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले. कोणी म्हणेल, अमुक ठिकाणच्या स्थविरांसह संघाकडून ऐकले, कोणी अनेक बहुश्रुत स्थविरांकडून, तर कोणी एकाच बहुश्रुत स्थविराकडून. चारही वेळा आज्ञा एकच आहे. त्याचे अभिनंदनही करू नये, धिक्कारही करू नये. ते शब्द नीट समजून घ्यावेत आणि सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावेत. साक्षात बुद्धाचे नाव घेतले तरी ताडून पाहणे चुकत नाही, तर गुणवत्ता यादीतील क्रमांकाने ते कसे चुकावे? १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या जयंतीनिमित्त बोलताना बाबासाहेबांनी थोर पुरुष आणि विभूतिपूजा ह्या विषयाची चिकित्सा केली. आपण ते भाषण वाचतो, आणि नंतर त्यांच्याच नावाने कोणतेही वाक्य फिरवतो. 'बाबासाहेब म्हणाले' असे म्हटले की आपल्या सभांत कोणी हात वर करीत नाही. ते वाक्य कोणत्या भाषणातले, कोणत्या साली, असे मी एकदा एका वक्त्यास विचारले, तर मलाच शिस्तीची आठवण करून देण्यात आली. असो.

सैनिकी न्यायालयात सर्वांत कनिष्ठ सदस्याने आपले मत सर्वांच्या आधी द्यावे, असा नियम आहे. वरिष्ठ बोलून गेल्यावर कनिष्ठाला मत उरत नाही, हे सैन्यालाही कळते. वर्गात पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थिनीने उत्तर दिले की बाकीचे हात खाली येतात, हे मी तीसेक वर्षे पाहतो आहे. तिचे उत्तर चुकले असले तरीही येतात.

मुलांना हे सारे तोंडी सांगून कळणार नाही असे वाटल्याने मी त्यांना त्रिरश्मी लेण्यांवर नेले. वर्षातून एकदा आपण तेथे वंदनेसाठी जातोच. ह्या वेळी भिंतींवरील नावे पाहण्यासाठी गेलो. नाव कोरावे की कोरू नये, ह्या प्रश्नाची इतकी उत्तरे एका डोंगरावर दुसरीकडे क्वचितच सापडतील. आठव्या क्रमांकाच्या लेण्याचा दाता मुगुदास. तो मासेमार आहे, आणि ते त्याने लपवलेले नाही. राजाच्या लेण्यापासून थोड्याच अंतरावर मासेमाराचे नाव त्याच ब्राह्मी अक्षरांत आहे. सतराव्या लेण्यात धम्मदेवाचा पुत्र इन्द्राग्निदत्त हा दात्तामित्रीचा यवन म्हणून नोंदलेला आहे. दहाव्या लेण्यात शकानिका उपासिका विष्णुदत्ता हिने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी निरनिराळ्या श्रेणींकडे कायम ठेव ठेवल्याची नोंद आहे. तेलाच्या घाणेकऱ्यांची श्रेणी त्यांत आहे. विष्णुदत्तेची ओळख मात्र आधी अमक्याची मुलगी, तमक्याची पत्नी, फलाण्याची आई अशी येते, मग तिचे नाव. मुलींनी हे माझ्या आधी हेरले. (आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव वडिलांच्या आधी येते, ह्याची त्यांनी मला आठवण करून दिली.) आणि अठराव्या लेण्याच्या, म्हणजे चैत्यगृहाच्या, दर्शनी भागावरील एका लेखात एकाही माणसाचे नाव नाही. तेथे धम्भिक गावाचे दान एवढेच आहे. सबंध गावाने दिले, आणि कोणी किती दिले हे गावाने सांगितले नाही.

आता दोन मोठे लेख शेजारी ठेवू. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी ह्याची थोरवी कोरविली आहे. बिरुदांची रांगच आहे. क्षत्रियांचा दर्प उतरवणारा, शक-यवन-पह्लवांचा नाश करणारा, आणि त्यातच चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा! ज्या संघात नद्यांप्रमाणे वर्ण विरघळतात असे सांगितले, त्याच संघाला दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर वर्णसंकर थांबवल्याची फुशारकी आहे. त्या भिंतीपुढे उभे राहून मी मुलांना एवढेच विचारले, हे खरे की खोटे ते तुम्ही कसे ठरवाल? उत्तर आले नाही, कारण ठरवण्यास तेथे काही साधनच नाही. दहाव्या लेण्यातील उषवदाताचा लेखही काही विनम्र नाही. तो नहपानाचा जावई आहे आणि आपल्या दानांची लांबलचक यादी तो देतो. पण त्यात आकडे आहेत. तीन हजार कार्षापण गोवर्धनातील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, एक हजारावर पाऊण टक्का व्याज. व्याजातून वर्षावासातील वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. आणि हे सर्व निगमसभेत ऐकवले, फलकावर नोंदवले, असेही त्यात आहे. बिरुद तपासता येत नाही, नोंद तपासता येते. विणकरांनी व्याज दिले नाही तर भिक्खू निगमसभेत जाऊन दाद मागू शकत होता. पैसा किंवा सत्ता ज्याच्या हाती आहे त्याचे नाव दगडात कोरावे, असे मला वाटते ते ह्या लेखामुळे.

छापखाना आल्यावर हाच प्रश्न महाराष्ट्रापुढे नव्याने उभा राहिला. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रात 'लोकहितवादी' ह्या नावाने शतपत्रे लिहिली. ते सरकारी नोकर होते आणि स्वजातीवर कठोर टीका करीत होते. टोपणनाव त्यांना आवश्यक होते. ह्याउलट १८५५ साली 'ज्ञानोदया'त जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता ह्या मातंग मुलीचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध आला तो तिच्या नावाने. ते नाव झाकले असते तर निबंधाचे अर्धे बळ गेले असते. दुःख कोणाचे, हे सांगितल्यावाचून ते दुःख पुरावा होत नाही. लोकहितवादींचा युक्तिवाद नावावाचून उभा राहतो. मुक्तेची साक्ष नावावाचून उभी राहत नाही. ह्या दोहोंत गल्लत केल्याने पुष्कळ वाद निष्कारण वाढतात. निनावी लेखनाचे ओझे शेवटी कोणीतरी उचलावेच लागते, हे १८९७ साली दिसले. 'केसरी'त 'शिवाजीचे उद्गार' टोपणनावाखाली छापले गेले आणि राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची सक्तमजुरी झाली ती संपादक टिळकांना.

आणि 'मूकनायक'. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या पहिल्या अंकावर संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर ह्यांचे नाव होते. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. मुक्यांचा नायक बोलू लागला तो स्वतःचे नाव न लावता. सात वर्षांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' निघाले तेव्हा संपादक म्हणून त्यांचे नाव होते. मध्यंतरी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झालेला होता. एकाच माणसाने एका वेळी नाव राखून ठेवले आणि दुसऱ्या वेळी पुढे केले. पहिल्या वेळी तो भ्याड नव्हता, हे आपण जाणतो. मग निनावी चिठ्ठी टाकणाऱ्या सहावीच्या मुलाला आपण भित्रा का म्हणावे?

अलीकडचे एक उदाहरण मुलांच्या आयांच्या ओळखीचे आहे. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात २००८ च्या शासन आदेशानुसार मतदान घेता येते. उभी बाटली की आडवी बाटली, म्हणून ते गावोगाव प्रसिद्ध आहे. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. मतदान व्हावे अशी मागणी करण्यासाठी किमान पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात, आणि त्या सह्या अधिकारी पडताळून पाहतात. म्हणजे मागणी नावानिशी. प्रत्यक्ष मतदान मात्र गुप्त. सही करणारणीला नवऱ्याचा आणि दुकानदाराचा रोष पत्करावा लागतो, म्हणून त्यासाठी चौथाई बायकांचे धैर्य पुरते. दुकान बंद होण्यास निम्म्याहून अधिक महिला मतदारांची मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. ती पडदा असेल तरच पडतात. हात वर करून हे मतदान घेतले असते तर किती हात वर झाले असते, ते दुकानदाराच्या ओट्यावर बसलेल्या माणसांनी ठरवले असते. ज्याने कोणी हा आदेश लिहिला त्याला नाव कोठे उघडावे आणि कोठे झाकावे हे नीट कळले होते.

ह्या सर्व वाचनानंतर मी विद्यार्थी सभेपुढे माझे मत ठेवले. गुणवत्ता यादीचा ठराव मागे घ्यावा, अशी विनंती केली. सूचना वाचताना आधी मजकूर वाचावा, चर्चा व्हावी आणि नाव असल्यास शेवटी सांगावे. तेही लिहिणाऱ्याची संमती असेल तर. निनावी सूचना वाचण्यास हरकत नसावी, कारण आमटीत मीठ कमी आहे हे कोणीही चाखून पाहू शकतो. पण एखाद्या व्यक्तीवर आरोप असेल तर निव्वळ निनावी चिठ्ठीवर कोणालाही शिक्षा होऊ नये. त्यासाठी प्रत्येक मुलाने एक क्रमांकाची शलाका उचलावी आणि चिठ्ठीवर नावाऐवजी तो क्रमांक लिहावा. क्रमांकांची यादी मोहोरबंद पाकिटात एका शिक्षिकेकडे आणि शाळेबाहेरील एका उपासिकेकडे राहावी, आणि चौकशीची गरज पडली तरच दोघींनी मिळून उघडावी. अधीक्षक, मुख्याध्यापक आणि मी ह्यांपैकी कोणाकडेही ती नसावी. आमच्यावरही आरोप होऊ शकतो. आमची नावे मात्र पेटीच्या शेजारी, कोणाकडे कोणते काम आहे ह्या नोंदीसह, फळ्यावर लिहिलेली असावीत.

दीड तास चर्चा झाली. नववीच्या मूळ ठरावकर्त्याने शेवटपर्यंत माझ्या मताला विरोध केला. नाव न लावता दुसऱ्याविषयी लिहिण्याची सवय एकदा लागली की सुटत नाही, हा त्याचा मुद्दा मला खोडता आला नाही. मावशींची गोष्ट मी त्याला सांगितलेली होती आणि त्याने तीच माझ्याविरुद्ध वापरली.

मतदान शलाकांनी घ्यावे असे ठरले. मुलांनी आइसफ्रूटच्या काड्या जमवून निम्म्या निळ्या आणि निम्म्या पांढऱ्या रंगवल्या. आतापर्यंत एकही शब्द न बोललेली पाचवीतली एक मुलगी तेव्हा उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, मोजणार कोण?" मी विनयातील पाच गुण पुन्हा सांगितले आणि निवड सभेवर सोपवली. सभेने दोघांना निवडले : ती पाचवीतली मुलगी, आणि ठरावाला विरोध करणारा तो नववीतला मुलगा.